ऐच्छिक

माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात
व्हिनेगरची एक बाटली असते.
ओटावातला हिवाळा पाच महिने हटत नाही
आणि आमच्या कंपनीचं मीठ
अख्ख्या शहराच्या बुटांवर
पांढरी रेघ ओढून जातं.
मंत्र्यांच्याही.

बावीस वर्षांपूर्वी या कामाला लागले तेव्हा
आईनं विचारलं, म्हणजे नेमकं करतेस काय, ओडिल?
सरकारातल्या लोकांना भेटते, म्हटलं.
ती म्हणाली, भेटतो तर आपला पोस्टमनही,
पण तो निदान काहीतरी देऊन जातो.

शिकले हळूहळू.
कुठल्या उपसचिवाशी नऊच्या आधी बोलू नये,
कुणाच्या मुलाचा गुडघा हॉकीत मोडलाय,
कुठल्या समितीचं खरं डोकं
खुर्चीत नसतं, खुर्चीमागं उभं असतं,
फायली छातीशी धरून, तिशीच्या आतलं, उपाशी.
शिकले की बैठकीत जिंकणाऱ्याला
बैठकीनंतर कुणी कॉफीला बोलवत नाही.
शिकले, 'करावे' आणि 'करता येईल'
यांच्यामध्ये किती टन मीठ मावतं.

लाच? कधीच नाही.
प्रत्येक फोन, प्रत्येक भेट नोंदवहीत आहे,
कुणीही उघडून पाहावी.
कुणी पाहत नाही.

लिओनी पॅकेट भेटली ती टेबलाच्या पलीकडे.
पर्यावरण खात्यातली,
चष्म्याची एक काडी टेपनं चिकटवलेली.
चार वर्षं एकच मसुदा लिहीत होती:
रस्त्यावरचं मीठ ओढ्यांत किती उतरतं,
गोड्या पाण्यातले शिंपले
कुठल्या आकड्याला उघडायचे बंद होतात,
आणि त्या आकड्याच्या किती आधी
आम्हाला थांबवावं.
एकशे चाळीस पानं.
मी तीनदा वाचली.
पान त्र्याऐंशीवर तिची बेरीज चुकली होती,
आमच्याच फायद्याची चूक.
फोन करून सांगितली तिला.
तिचा माझ्यावर विश्वास बसला.
त्यासाठीच सांगितली होती का
ते खरंच आता आठवत नाही.

मग मी माझं काम केलं.
नगरपालिकांचे अभियंते,
बर्फावर घसरून खुबा मोडलेली एक म्हातारी,
शाळेच्या बसचा चालक,
एकेकाला समितीपुढं नेऊन बसवलं.
कुणीही खोटं बोललं नाही.
नियमाची मार्गदर्शिका झाली
आणि तिच्या दुसऱ्या ओळीत
एक शब्द येऊन बसला, माझा:
ऐच्छिक.
त्या वर्षी मी उपाध्यक्ष झाले.
खाल्ल्या मिठाला लोक जागतात,
मी तर टनांच्या हिशेबात जागले.

आज ती समोर बसलीय,
नियमानं सांगितलेली मधली वर्षं घरी काढून,
माझ्याच हाताखालच्या जागेसाठी.
चष्मा नवा आहे.
मी ठरलेले प्रश्न विचारते,
ती ठरलेली उत्तरं देते,
पगाराचा आकडाही ठरल्यासारखाच.
शेवटी राहवत नाही.
इथं का?

ती खिडकीबाहेर बघते.
गोठलेल्या कालव्यावरून सुटातला कुणी माणूस
पाठीला पिशवी लावून
स्केट्सवर ऑफिसला निघालाय.
"मंत्र्यांनी सारांश वाचला," ती म्हणते.
"महासंचालकांनी सारांशाचा सारांश.
शेवटच्या पानापर्यंत आलेल्या
तुम्ही एकट्याच."

बावीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडे उत्तर तयार नाही.
खाली बघते.
तिच्या बुटांवर, घोट्याच्या जरा खाली,
दोन्ही पायांवर सारख्याच उंचीला,
आमची रेघ.

तिसरा खण उघडते.
"पाण्यानं पुसलीस तर वाळल्यावर परत उमटते," सांगते.
"हे लाव.
आणि रोज लावावं लागेल."