येणे बाकी

तिकिटं मी छापायचो. गुलाबी मोठ्यांची, पिवळी लहानांची,
वर कानडी, खाली मराठी, मधे एक बारीक रेघ,
कोपऱ्यात नखाएवढा आकाशपाळणा.
त्याचा ब्लॉक झिजून झिजून सायकलच्या चाकासारखा उठायचा.
मुचंडीकर फॅमिली एंटरटेनमेंट, बेळगाव.
अकरा हजार चारशे रुपये येणे बाकी, दोन उरुसांपासून.

मी एकटा नव्हतो.
बस्तवाडकरांचा जनरेटर होता, तासावर भाड्यानं.
उद्यमबागेतल्या नजीर मुल्लानं कण्याचं बेअरिंग बसवून दिलेलं,
"नातू बसंल तुमचा यात," असं थोरल्या मुचंडीकरांना सांगून.
डिझेल हायवेवरच्या उपाध्यांच्या पंपाचं, वहीत नुसती सही.
इराप्पा गुडगेरीनं आरसेमहालाच्या दारावर
तोच हत्ती दोनदा रंगवला,
दुसऱ्यांदा, पाटीची भाषा बदलायचा हुकूम आला तेव्हा.
हत्तीला भाषा नसतीय, म्हणायचा, खरं रंगाला पैसे पडतात.
आणि खानापूरचा इनास, माईकवर:
"या मावशी, या मामा, कुटुंबासकट या!"
तीन भाषांत ओरडून त्याचा घसा गेला,
तेव्हापासून त्याची टेप वाजायची.

उरुसाच्या शेवटच्या रात्री, निपाणीत, ठरवून गेलो सगळे.
थोरले गेल्यावर कंपनी गुरुनाथकडे आलेली.
त्यानं चहा मागवला. वही काढली नाही.
"बसा की एकदा," म्हणाला,
"इतकी वर्षं करूलालाय सगळे, बसलाय कोण?"

खरंच. कोणीच बसलं नव्हतं.
नजीर कडी दोनदा ओढून बघून बसला.
इराप्पानं चपला खाली काढल्या, देवळात शिरल्यागत.

मी अगदी वर होतो तेव्हा ते थांबलं.
आधी दिवे गेले, मग घरघर,
मग इनासचा आवाज, "कुटुंबा"वर अडकून.

डिझेल, उपाध्ये पलीकडून म्हणाले. सकाळी मीच कॅन अडवला.
खोलीत पाच लिटर होतं,
खरं खोलीची किल्ली बस्तवाडकरांच्या खिशात
आणि बस्तवाडकर माझ्या खाली दोन पाळणे, डोळे मिटून.
चाक हातानं सोडवायची युक्ती एकट्या नजीरला ठाऊक,
तो घड्याळात नऊ वाजतात तिथं, अधांतरी.
खाली फक्त, ज्याच्याकडून पैसे यायचे, तो.

तंबाखूच्या वखारींचा वास वारं वर आणत होतं.
तेवढ्यात गावातलीही लाईट गेली.
स्तवनिधीच्या घाटापर्यंत सगळं काळं,
आणि कागलच्या अंगाला दिवे जिथल्या तिथं.
एवढं आयुष्य भांडण ऐकण्यात गेलं,
रेघ अशी कधी दिसली नव्हती.
माझ्या तिकिटावरच्यापेक्षा जाड नव्हती.
"ते कागल न्हवं, मुरगूड," इराप्पा खालून ओरडला,
आणि त्यावरून त्याची नि इनासची जुंपली,
बसलेल्या घशासकट.

खाली कस्तुरीनं, खिडकीवरच्या,
आरसेमहालाची चार पोरं आऱ्यांवर चढवली.
पोरं लटकली, चाक हललं, एक पाळणा जमिनीला.
पुन्हा चढली.
पाऊण तास.

ती फाटकाशी उभी. तिचाही तीन महिन्यांचा पगार थकलेला.
"तिकीट?"
उपाध्ये हसले. ती हसली नाही.
"वेळ जास्त झालाय, तरी तीसच घेतोय."
बस्तवाडकरांनी मुकाट्यानं पन्नासची काढली.
इराप्पानं सुट्टे मोजले, दोनदा.
माझ्या हातात तिनं गुलाबी तुकडा ठेवला, अर्धा फाडून.
माझ्याच मशीनचा. नंबर किंचित तिरका.
ती खोट मला गेल्या सालीच दिसली होती, बोललो नव्हतो.

गुरुनाथ चहाचे ग्लास गोळा करत होता.

घरी येऊन वही उघडली. तीस रुपये.
कुठल्या बाजूला लिहायचे,
ते ठरेपर्यंत लाईट आली.