नेम

मिठागराच्या बांधावर केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा,
मागे वाळूची दोन पोती.
पुठ्ठ्यावर वैतीमामांनी कोळशाने कोल्हा काढला:
कान सशाचे, शेपूट केरसुणी.
हसू नका, म्हणाले, मांडी बघा, मांडी बरोबर आहे.
मांडी बरोबर होती.
तिच्यावर खूण हवी म्हणून
कपाळावरची टिकली काढून मी चिकटवली.

पंधरा पावलं मोजली.
सुईत औषध नाही, नुसतं नळाचं पाणी,
मागे गुलाबी लोकरीचा गोंडा.
बंदूक खात्याची, जुनी. दुर्बीण नवी,
आणि नवी दुर्बीण, मामा म्हणाले,
नव्या विहिणीसारखी,
आपल्याच तोऱ्यात बघते.

पहिली सुई खाली, डावीकडे.
पोटात.
डॉक्टर डिमेलो काही बोलल्या नाहीत.
वहीत लिहिलं
आणि पेन बराच वेळ तिथेच टेकवून ठेवलं.

दोन रुपयांच्या नाण्याने स्क्रू फिरवते.
टिक्, टिक्, वर.
टिक्, टिक्, टिक्, उजवीकडे.
एवढ्याशा आवाजात
मरण पोटावरून सरकतं
आणि मांडीपाशी झोप होतं.

दहावीला भूमितीत दोनदा नापास झाले मी.
वक्ररेषा म्हणजे काय ते
असं पालथं पाडून कुणी शिकवलं नव्हतं:
सुई सरळ जात नाही,
आधी जराशी उठते,
मग तिला स्वतःचं वजन आठवतं.
जोर वाढवला तर लवकर पोचेल,
पण आठ किलोच्या जिवाचं हाड मोडेल.
म्हणून जोर कमी. आणि तो पाच पावलं लांब असला
तर नेम त्याच्या जरा वर,
जिथे काहीच नाही तिथे.

मामांचे आजोबा इथेच, खाजणाच्या कडेला,
ठासणीची बंदूक घेऊन चिबडाची वाडी राखत.
कोल्हा काकडीला राजी असेल लोकांचा,
आमचा चिबूडच खायचा, तोही पिकलेला.
हंगामाआधी करवंटी टांगून आजोबा बंदूक जोखत:
पहिला बार बंदुकीचा,
दुसरा डोळ्याचा,
तिसरा कोल्ह्याचा.
तिसरा मुद्दाम चुकवत, असं घरात बोललं जाई.

दुसरी सुई टिकलीपलीकडे, शेपटीच्या मुळाशी.
खाडीकडून वारा.
एक टिक् परत.
तिसरी
टिकलीसकट पुठ्ठ्यात रुतली.
पाण्याचा ओघळ खाली उतरला
आणि कोळशाची मांडी पुसत गेला.

खरा तीन दिवस
चकल्यांची बरणी डोक्यात घेऊन तिवरांत फिरतोय.
टॉवरमधून रात्री फोन येतात:
कोल्हेकुई आहे, पण घुमते हो,
माठातून यावी तशी.

ओहोटीला आला.
दुर्बिणीच्या फुलीत बरणी,
बरणीत वाफ. धरायची, विरायची, धरायची.
श्वास मी रोखायचा असतो.
मी तो त्याच्या श्वासाला लावून घेतला
आणि वाफ विरली त्या फटीत
बोट दाबलं.

उडाला, पळाला, चिखलापलीकडे दिसेनासा झाला.
लागली का हो?
कोल्ह्याचा काही नेम नसतो, मामा म्हणाले.
दहा मिनिटं जागचं हलायचं नसतं.
आमच्यावरचा डासांचा नेम मात्र
एकदाही चुकला नाही.

मग मोबाइलच्या उजेडात गुलाबी गोंडा,
चार बोटं खाली, पण मांडीवरच.
डॉक्टरांनी बरणी कापली.
आत ओव्याचा वास, तिखट,
आणि बाहेर घरंगळलेली लांब जीभ.
मी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला,
हात तसाच राहू दिला थोडा वेळ.

घरी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते.
टिकली कुठे पडली गं,
सासूबाईंनी झोपेतच विचारलं.
म्हटलं, कामी आली.