प्रदर्शन उतरवताना

पाहुणे गेले.
केंद्रप्रमुखांची गाडी अमळनेरच्या रस्त्याला लागली.
सातवीच्या वर्गात आता मी,
आणि भिंतीवर सत्तावीस तक्ते.
नखाने चिकटपट्टी सोडवतेय.
तिच्याबरोबर रंगाचा पोपडाही येतो.
येऊ दे.

विषय साधा होता : गावात ऊन कुठे किती.
अख्ख्या वर्गात तापमापी एकच, विज्ञानपेटीतली.
दोरी ओवून गळ्यात घालायचे आळीपाळीने,
चालताना एक हात छातीवर, काच सांभाळत.
शाळा सकाळची, मोजणी दुपारी दोनची,
जेव्हा कुत्रीसुद्धा मोरीजवळची ओल सोडत नाहीत.
पत्र्याखाली. धाब्याखाली. बोरीच्या कोरड्या वाळूत.
खाटीक गल्लीत ताडपत्रीखाली उज्मा,
पाराच्या निंबाखाली तेजल,
आणि ग्रामपंचायतीच्या टाकीच्या सावलीत, सावलीसोबत सरकत,
धनराज.

आज तेजलनं सगळ्यांसमोर सांगितलं,
बाबांनी हौसेनं घातलेल्या पत्र्यापेक्षा
मागचं मातीचं धाबं सहा अंशांनी गार.
बाबा मागे उभे होते. टोपी काढली,
पुन्हा घातली.

मग धनराजनं शेवटचा तक्ता वाचला,
‘गावातली सर्वांत तापलेली जागा : आमचा वर्ग.’
हे वाक्य मी परवा म्हटलं होतं, राहू दे,
साहेब येणार आहेत.
त्यांनी ते राहू दिलं.
म्हणजे भिंतीवरच राहू दिलं.
साहेबांनी वर पत्र्याकडे पाहिलं, रुमालानं मान पुसली,
आणि वहीत काहीतरी लिहिलं.
काय ते कळलं नाही.

हा कुंदनचा तक्ता. कुंदन भिल, दोन वर्षं माझ्या वर्गात,
आणि हजेरीच्या ‘हो’पलीकडे मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.
पहिले तीन दिवस त्याचे सगळे आकडे सारखे :
वाळूत सदतीस, पत्र्याखाली सदतीस, निंबाखाली सदतीस.
मी लाल रेघ मारणार होते, घरी बसून लिहिलंस म्हणून.
चौथ्या दिवशी तोच आला, मूठ उघडून दाखवत.
तापमापीचा फुगा तो मुठीत धरायचा,
फुटू नये म्हणून.
भर चव्वेचाळीसच्या उन्हात तीन दिवस
पोरगं स्वतःलाच मोजत होतं.

मी व्हाइटनर पुढे केलं.
त्यानं मान हलवली.
‘चुकनं ते बी लिखं, मॅडम.’
आणि खरंच, बघा ना,
तीनही रकाने जागच्या जागी, त्यांवर एकच तिरपी रेघ,
खाली बारीक अक्षरात : हाऊ मना हात शे.

चौदा वर्षं झाली मला.
किती प्रगतिपुस्तकांत मी
माझ्याच मुठीची ऊब भरली असेल,
‘अबोल’, ‘लक्ष नाही’, ‘प्रगती साधारण’,
आणि खाली सही करून
सुट्टीला घरी गेले असेन.

नंतर वर्तमानपत्रावर भत्ता ओतला.
मुरमुरे, शेव, कांदा, वर लिंबू पिळलं उज्मानं,
बिया काढायला विसरली.
कुणी बाक बडवले. कुणी कुंदनला
बळंच टेबलावर चढवलं, तर तो
वरून म्हणाला, आठे आखो गरम शे,
आणि सगळा वर्ग फुटला हसून.
जाताना उज्मा दारात थांबली :
‘मॅडम, हिवाळ्यात परत मोजायचं ना?
तेव्हा धाबं जिंकतं का बघू.’

सव्वीस तक्ते गुंडाळले.
एक राहू देते.

खिळ्यावर दोरीनं लटकतेय तापमापी.
हात लागतो तिच्याकडे,
मग मी हात मागे घेते,
आणि उभी राहते जरा लांब,
पारा आपला आपण
ठरेपर्यंत.