दाब

शनिवारी दुकान दहाला उघडतं,
पण वाद साडेनऊपासूनच फुटपाथवर उभा असतो.
डेट्रॉईट, जूनचा शेवट.
इस्त्रीची वाफ आणि डेल्मरचा आवाज
एकदमच छताला लागतात.

"तेविसाव्या नंबरला हा? सहा फूट?
माझ्या बसमधून मान न वाकवता उतरेल,
त्याला आपण गार्ड म्हणायचं?"
डेल्मरनं तीस वर्षं बस चालवली.
माणसं तो दाराच्या चौकटीवर मोजतो.

रूथॅन शाळेतली नर्स. ती म्हणते,
सहा फूट बुटांसकट.
अनवाणी उभा करा, पाच फूट पावणेअकरा.
"पोरं टाचा उचलतात, मला विचारा ना.
श्वास कोंडतात, मान ताणतात,
पट्टी डोक्याला टेकली की डोळे मिटतात,
जसं काही कुणी वरून ओढणारच आहे."

कॉर्नेलियस कोट न्यायला आलाय.
मंगळवारपासून रोज येतो, कोट काही नेत नाही.
माझाच खडू घेऊन माझ्याच टेबलावर
तो येणारा हंगाम काढून दाखवतो:
हा चौकोन आपला पोरगा,
हा गोल त्यांचा दांडगा, वाटेत आडवा.
चौकोन धडकला. चौकोन संपला.
"पण चेंडू बघितलास त्याच्या हातातला?" रूथॅन.
"हात बघून काय करू? छाती कुठाय?" डेल्मर.
"वेग!"
"वेग काय, उंदरालाही असतो."

हातभर लाकूड, दहा हात ढलपी.
सव्वा इंचावरून अख्खी सकाळ गेली,
आणि कुणाच्या तरी पँटची चेन तशीच राहिली.

माझ्या तोंडात टाचण्या आहेत.
गळ्यात टेप.
खालच्या खणात तपकिरी वही,
पान एकशे बारा:
डी. हॉली, फ्लिंट. वांगी रंगाचा सूट, एक.

मे महिन्यात आला होता आईबरोबर.
खांदे अरुंद, कंबर तीस,
आणि बाही घ्यायला गेलो तर
टेप मनगटाशी थांबेना.
तीनदा मोजली. तिन्ही वेळा तेवढीच.
पायाचं माप घ्यायला खाली वाकलो
तेव्हा मोज्यांतल्या टाचा
जमिनीपासून तसूभर वर.
मी बोललो नाही.
टाचण्या शोधत बसलो, नसलेल्या,
त्या खाली टेकेपर्यंत.
मग खूण केली.

आई इस्पितळाच्या धोबीखान्यात.
तिनं कापडाचा रंग पाहिलाच नाही,
आधी उलटं केलं, शिवण चिमटीत धरली.
"आत दाब किती सोडताय?"
म्हटलं, बाई, मुलगा आता वाढून झाला.
"एकोणिसावं लागायला अजून महिना आहे.
ह्याचा बाप बाविसाव्यापर्यंत वाढत होता."
"मम्मा," पोरगा आरशाला म्हणाला,
आणि त्याचे कान
वांगी नाही, पण त्याच्या जवळपासचे झाले.

ड्राफ्टच्या रात्री टीव्हीवर पाहिला.
नाव पुकारलं, तो उठला,
शेजारच्या दोन ताडांमध्ये जिन्याएवढी फट पडली.
सगळे ती फट बघत होते.
मी पँटची घडी बघत होतो, बुटावर कशी पडते.
बरी पडली.

"हेग, तू बोल," डेल्मर म्हणतो,
"मापातलं तुलाच कळतं.
पुरेल का तो?"
तिघं गप्प. कोपऱ्यातला पंखासुद्धा
त्याच क्षणी अडखळतो, त्याला तशी सवय आहे.

मी तोंडातल्या टाचण्यांकडे बोट दाखवतो.
गिऱ्हाइकाची कंबर गिऱ्हाइकाची,
असं माझा बाप म्हणायचा,
आणि उंचीही कंबरेतच धरायचा.

रूथॅन वीस डॉलर टेबलावर ठेवते.
डेल्मर त्यावर वीस.
कॉर्नेलियस खिसे चाचपतो,
म्हणतो, पैसे कोटात राहिले.

दीड इंचाचा रिवाज आहे.
मी दोन्ही पायांना अडीच सोडलाय,
आतून दुमडून, बाहेरून कळणार नाही असा.
टाकाही कच्चाच घातलाय.
ओढला की सुटेल.