दोन पावांची उधारी

नकाशात हा रस्ता पांढरा आहे,
म्हणजे सरकारला आठवतो, पण रंगवण्याइतका नाही.
पहाटे सहाला भट्टीतून निघते मी,
मागे चौतीस पाव, पुढे चार गावं,
चारही मिळून माणसं सत्तावीस.
कुत्री धरत नाही. ती उधार घेत नाहीत.

गाडी बाबांची. पांढरी रेनो,
तिसरा गिअर चढावर सुटतो,
म्हणून वाल्देसाराचा घाट दुसऱ्यातच,
बैलाच्या चालीनं.
डाव्या हाताला टेहळणीचा बुरूज.
हजारेक वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी
दक्षिणेकडे तोंड करून बसायचं :
मूर दिसले तर जाळ पेटवायचा.
आता करकोचा बसतो,
मी वळणावर आले की चोच वाजवतो.
सरहद्दीवर एवढाच इशारा उरलाय.
पाव आला.

मंगळवारी घाटमाथ्यावर चाकांवरचं घर उभं होतं.
नवराबायको, जर्मन असावेत,
दगडांनी दाबलेला नकाशा, त्याच्यावर दोन डोकी.
मोडक्या स्पॅनिशमध्ये त्यानं विचारलं,
"बारावं शतक, कुठे?"
म्हटलं, माझ्या मागून या.
किल्ली बासिलिसाकडे असते
आणि ती पावाशिवाय दार उघडत नाही.

बासिलिसाला आजवर दोन गोष्टी विसरता आल्या नाहीत :
एक सांगत नाही,
दुसरी म्हणजे माझे आजोबा.
त्यांच्या वेळी वही नव्हती. काठी उभी चिरायची,
अर्धी भट्टीत, अर्धी गिऱ्हाइकाच्या घरी,
दर पावाला दोन्ही जोडून वर एक खाच.
लबाडी करायची तर दोघांनी मिळून करावी लागे.
तिची अर्धी अजून आहे, कांद्यांच्या वेणीमागे, किल्लीच्याच खिळ्यावर.
आमची अर्धी आजोबा गेले त्या हिवाळ्यात
भट्टीतच गेली, सरपण म्हणून.
"दोन खाचा जास्त घेतल्या त्यानं," ती दर मंगळवारी म्हणते.
"दोन पाव येणं आहे माझं."
मी दर मंगळवारी म्हणते, बघते.
जर्मन माणसानं पाकीट काढलं.
"तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "तुमचं आमचं खातं नाही."

चॅपेलमध्ये ऑगस्टमध्येसुद्धा जानेवारी असतो.
त्याची बायको वर बघत राहिली :
खांबाच्या माथ्यावर दोन सिंह एकच ससा खातायत,
कित्येक शतकं खातायत, संपत नाही.
बासिलिसा वर बघत नाही.
ती कोपऱ्यात वाकली, टॉर्च मागितला.
दगडांवर पाथरवटांच्या खुणा :
बाण, चंद्रकोर, माशाचा काटा.
ज्याची खूण, त्याचा दगड,
शनिवारी मोजायचे आणि पैसे द्यायचे.
माशाच्या काट्याचे सात दगड.
आठव्यावर नुसता कणा,
काटे कोरायचे राहिलेले.
"ह्याचे बुडाले," ती म्हणाली.

मेला असेल, मी म्हटलं. किंवा लढाई. किंवा ताप.
"असेल. पण दगड भिंतीत आहे ना?"

जर्मनानं विचारलं, मी सांगितलं,
त्यानं पुन्हा विचारलं : मग त्याचं येणं आता कुणाकडे?
ती अंगठ्यानं दगड पुसत होती,
भांडं पुसावं तसा.
"आमच्याकडे," म्हणाली. "किल्ली आमच्याकडे आहे."

मग दार ओढून घेतलं.
कुलूप दोन वेळा फिरवावं लागतं, तिसऱ्यांदा अडतं.
किल्ली पोटाशी धरून ती मागे राहिली,
म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, माझे गुडघे.

तोर्रेसेकात पोचून मागचं दार उघडलं,
मोजले तर पाव एक कमी.
जर्मनांनी घेतला असेल.
किंवा भट्टीवरच चुकले असेन मी,
पहाटे बोटं सुन्न असतात.
वहीत कुणाच्या नावावर मांडायचा
म्हणून पेन्सिल शोधत होते,
तेवढ्यात ओनोरिओ आला, कापडी पिशवी झटकत.
"उशीर झाला आज," म्हणाला,
आणि नेहमीसारखा
पावाचा तळ वाजवून बघू लागला.