चाहूल

पिसाजवळ, रात्रीचा एक.
ओर्नेलाच्या पडद्यावर रेघ थरारली.
समुद्र असेल, लिव्होर्नोकडून वारा सुटलाय.
नाहीतर देल्फोचा ट्रॅक्टर;
सूर्यफूल पेरायचं म्हणजे त्याला दिवस पुरत नाही.

लुइझियानातून थिबोडो म्हणतो,
माझं धरू नकोस, इकडे पाइन पाडतायत.
कामिओकाच्या खाणीत हिसानो
प्लास्टिक पांघरून:
डोंगरावरचं बर्फ वितळतंय, टपटप.

एकट्याला लागली तर ती चाहूल नव्हे,
भास.
म्हणून तिघं आपापला गोंगाट
तांदळातल्या खड्यांसारखा वेचत बसतात,
मग एकमेकांच्या परातीत डोकावतात.

आज काहीच उरत नाही.
मासेही नव्हते तेव्हा दोन कृष्णविवरं
एकमेकांत बुडाली, तो हेलकावा
अजून वाटेत असेल.

ओर्नेला पुन्हा कॉफी टाकते.
थिबोडोकडे अजून कालचीच संध्याकाळ.
वर ऊन आलंय,
हिसानोला पत्ता नाही.