कोपराची जागा

मी एकही शर्यत पाहिली नाही.
मोदेनाच्या मागच्या गल्लीत, सुतार आणि शवपेट्यावाला यांच्या मधोमध
माझं दुकान: एल्मचा एक ओंडका, वाळू भरलेली चामड्याची पिशवी,
अकरा हातोड्या. बारावी बापाची, तिला हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत पत्रा आला, घोंगडीत गुंडाळून,
तान्ह्या पोरासारखा.
मी त्याचं नाक केलं, पाठ केली, दोन कुशी केल्या.
इल्दो कावेदोनी आत बसून बघायला आला, लांब हाडांचा पोरगा.
म्हणाला, सगळं बसतं, उजवं कोपर बसत नाही.
मग मी आतून ठोकत ठोकत
त्या कुशीला एक फुगवटा काढला, अर्ध्या संत्र्याएवढा.
त्यानं कोपर टेकवलं. हसला.
नकाशात तो नव्हता. इंजिनियर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

मोसम सुरू झाला, आणि गाडी दर पंधरा दिवसांनी
माहेरी यावी तशी यायची.
पेपर वाचायची गरजच उरली नाही.

मोनाकोहून आली, डाव्या गालाला चुना फासून: बंदराची भिंत.
झांडफोर्टची वाळू सांध्यासांध्यातून ब्रशनं काढली,
वाटीभर झाली. खिडकीत ठेवली, मांजरानं तिचं काय करायचं ते केलं.
स्पाहून तीन दिवसांचा प्रवास करून आली
तरी सीटखाली पाणी होतं.
रँसला डांबर वितळलं होतं म्हणे.
नाकभर बारीक पोचे, देवीच्या व्रणांसारखे.
मोजले. दोनशे सहा.
म्हणजे बराच वेळ तो कुणाच्या तरी अगदी पाठीशी होता
आणि पुढे जाता येत नव्हतं.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
हिनं सोसले.
पाचवा नंबर आला. एकदाच. दोन गुण.
मालकांनी सगळ्यांना व्हर्मूथ पाजला
आणि माझं बिल पुढच्या महिन्यावर टाकलं.

जर्मनीहून ताडपत्रीखाली आली.
झुडपाची पानं रेडिएटरमध्ये शिजून काळी.
इल्दोचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला.
फुगवटा मात्र शाबूत.
आतून रंग घासून गेलेला, पत्रा दाराच्या कडीसारखा चकचकीत.

मोन्झाला माझी बायको गेली, बसनं.
परत येऊन म्हणाली, आवाज फार होता,
आणि त्या पोराची आई सगळा वेळ
रस्त्याकडे पाठ करून उभी होती.
एकतिसाव्या फेरीला इंजिन गेलं.
गाडी आली तेव्हा अंगावर एक ओरखडा नाही.
मी दोनदा फिरून पाहिली.
काही करायलाच नव्हतं.

ऑक्टोबरात मालक आले, सोबत झुरिकचा एक बुटका माणूस
आणि त्याचं चेकबुक.
तो फुगवटा काढा, म्हणाले, वाऱ्याला अडतो.

ठोकलेला पत्रा ताठरतो, ऐकत नाही.
त्याला साबण फासायचा, ज्योत धरायची.
साबण तपकिरी झाला की समजायचं, मऊ झाला.
जास्त धरली तर भोक.
मी वेळ घेतला. लाकडी हातोडी घेतली.
संध्याकाळपर्यंत ती कूस सपाट झाली,
वर लाल रंग चढला, आणि इंजिनियर म्हणाला, शाब्बास.

तळहात फिरवला तर कळतं.
पण तळहात फिरवायला येणार कोण.

परवा दुधाची गाडी गल्लीत शिरली.
काच खाली, कोपर बाहेर.
डावं होतं.
मी तरी त्याची माप घेतल्यासारखा बघत राहिलो,
आणि त्यानं हॉर्न दिला, दोनदा,
मागच्या बाटल्या किणकिणत गेल्या.